उत्तर तिचं तिला देऊ द्या

बसा सगळे. जिन्यापाशी उभे आहात त्यांनीही पुढे या, सतरंजीवर जागा आहे. टँकर आलाय, मलाही ऐकू येतोय. पंप वॉचमन यादवजी लावतील. त्यासाठी कोणी उठू नका.

मी सावंत काकू. बाहेरून आलेल्या मंडळींसाठी सांगते, श्वेताच्या दारासमोरचं दार माझं. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त चपलांचं स्टँड आहे. मी शाळेत शिकवते, त्यामुळे उभं राहून बोलायची सवय आहे. निदान आत्तापर्यंत मला तसं वाटत होतं. आज इथे ती सवय उपयोगी पडत नाहीये. एकतीस वर्षांची पोर. तिच्या शोकसभेत मी बोलायचं? उलट व्हायला हवं होतं. मी गेल्यावर तिनं इथे उभं राहून माझी नक्कल करायची होती. फार हुबेहूब करायची. "रांगेत या, रांगेत या" असं म्हणत गच्चीवरचे वाळवणाचे पापड मोजायची.

तर बोलणं कठीण आहे. आणि खरं सांगू का? मला रडू येतंय त्यापेक्षा चीड जास्त येतेय.

मघापासून मी ऐकतेय. आपले अध्यक्ष कदमसाहेब म्हणाले, श्वेता अचानक गेली. तिच्या कंपनीतून आलेले साहेब म्हणाले, काळाने अचानक घाला घातला. विलासमामा, तिचे सख्खे मामा, म्हणाले की पोरीला दृष्ट लागली, लग्न ठरत आलं होतं आणि अचानक हे झालं. अचानक, अचानक, अचानक. अहो, वीज पडली तर अचानक म्हणतात. श्वेताचं हृदय बंद पडलं, हे आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर हळूहळू होत आलेलं आहे. आपण त्याला अचानक म्हणतो, कारण मग पुढचं काही बोलावं लागत नाही.

मी बोलणार आहे. विचारून बोलणार आहे. आज सकाळी श्वेताची आई, रजनी, माझ्याकडे आली. म्हणाली, "तू बोल. मी उभी राहिले तर नुसती रडेन, आणि लोक म्हणतील बिचारी. मला बिचारी व्हायचं नाही. काय झालं ते सगळं सांग. माझंही सांग." मी म्हटलं, रजनी, तुला ऐकवेल का? ती म्हणाली, "मी रोज ऐकतेच आहे."

आणि तासाभराने मामांनी मला जिन्यात गाठलं. म्हणाले, "काकू, दोन चांगले शब्द बोला तिच्याबद्दल. ते सिगारेटचं मात्र काढू नका. धाकट्या पल्लवीचं अजून व्हायचंय."

मामा, रागावा माझ्यावर. मी काढणार आहे. श्वेता सिगारेट ओढायची. बोलले मी. हॉलचं छत जागेवर आहे.

कोणाला माहीत नव्हतं? हात वर करा. बघा, एकही हात नाही. आपल्या पूर्ण आचोळ्यात माहीत होतं म्हटलं तरी चालेल. कंपनीतल्यांना माहीत होतं. खालच्या पानवाल्याला माहीत होतं. यादवजींना तर रोजच माहीत असायचं. मी विचारलं, श्वेता कुठाय, की ते वर बोट दाखवायचे, "मॅडम छत पे हवा खाने गयी है." तिच्या पर्समधली बडीशेप, धणाडाळ, ती लिफ्टमध्ये शिरली की येणारा अत्तराचा भपकारा, हे सगळं कशासाठी आहे हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळ्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली होती. एकाच माणसाला माहीत नव्हतं. तिच्या डॉक्टरांना.

आता कोणीतरी मनात म्हणेल, मुलगी असून ओढायची कशाला? थांबा. ते कसं सुरू झालं, ते तिनेच मला सांगितलं होतं. गोखिवऱ्याला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीत ती माल पाठवण्याचं काम बघायची. कुठला टेम्पो आधी भरायचा, कुठली ऑर्डर मागे ठेवायची, हे काम तिचं. पण ठरायचं कुठे? गेटबाहेरच्या टपरीवर. पुरुषमंडळी दर थोड्या वेळाने बाहेर जायची, झुरके मारत तिथेच सगळं ठरवायची, आणि आत येऊन हिला सांगायची, "मॅडम, तो भिवंडीचा माल उद्या." ही आपली टेबलावर कागद मांडून बसलेली. मग ही पण टपरीवर जाऊन उभी राहायला लागली. आधी चहा घेऊन. पण चहा संपतो. चहा संपल्यावर बाई तिथे कशाला उभी आहे, असं सगळे बघतात. हातात सिगारेट असली की कोणी बघत नाही.

मला म्हणाली होती, "काकू, मला दोन मिनिटं बाहेर जायचं तर कारण सांगावं लागतं. सिगारेट हेच कारण असलं की कोणी विचारत नाही."

कंपनीच्या साहेबांना मी काही बोलत नाही. ते आलेत, हार घेऊन आलेत. एवढंच सांगते, टेम्पो कुठला आधी भरायचा ते यापुढे टेबलावर ठरवा.

तर असं ते सुरू झालं. मग टपरीवरून गच्चीवर आलं. गच्चीवर मी तिला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तिनं सिगारेट पाठीमागे लपवली. धूर डोक्यावरून वर चाललाय आणि ही मला विचारतेय, "काकू, कुरडया वाळल्या का?" मी झापलं तिला. चांगलं झापलं. कान धरून हसली. पुढच्या वेळी मी परत झापलं, ती परत हसली. म्हणायची, "काकू, कंपनीतले सगळे माझ्यापेक्षा दुप्पट ओढतात. पोटं बघा त्यांची. मी बारीक आहे, मला काय होतंय?"

बारीक आहे. तरुण आहे. बाई आहे. बाईला कुठे या वयात हार्टचा त्रास होतो? हे तिला वाटत होतं, घरच्यांना वाटत होतं, मला वाटतं आत्ता इथे बसलेल्या बऱ्याच जणींना वाटतंय.

मग लग्नाचं बघायला लागले. पाळी वेळेवर येत नाही म्हणून रजनी तिला डॉक्टर मॅडमकडे घेऊन गेली. आपल्या नाक्यावरच्याच मॅडम. त्या आज आल्या आहेत, मागे दाराजवळ बसल्या आहेत. मॅडमनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला. आता रिपोर्ट घ्यायला किती जण जावेत? श्वेता, तिची आई, विलासमामा, आणि सोबत म्हणून वहिनी, म्हणजे मामी. केबिनमध्ये खुर्च्या तीन. चौथं माणूस वजनकाट्यापाशी उभं.

मॅडमनी रिपोर्ट बघितला. त्यांनी काय बघितलं ते मी त्यांच्याकडून समजून घेतलंय, आणि त्यांना विचारूनच इथे सांगतेय. हृदयाची राखण करणारं चांगलं कोलेस्टेरॉल असतं, ते खाली गेलेलं. वाईट होतं ते वर. आणि रक्तवाहिन्यांना आतून सूज येतेय की काय, याची चाहूल देणारा एक आकडा असतो, तोही वर. मॅडमना कोडं पडलं. बारीक अंगाची मुलगी, साखर नाही, प्रेशर नाही, घरात कोणाला हृदयाचं काही नाही. हे आकडे असे का?

म्हणून त्यांनी विचारलं. श्वेताकडे बघून विचारलं. "सिगारेट, तंबाखू असं काही?"

आणि रजनी म्हणाली, "छे हो!"

मामा म्हणाले, "आमच्या घरातली मुलगी आहे, मॅडम."

वहिनी नुसत्या हसल्या.

श्वेताने मला हे गच्चीवर सांगितलं. जसं घडलं तसं, सगळ्यांचे आवाज काढून. मामांचा आवाज तर इतका छान काढला की मीच हसले. आणि मग म्हणाली, "काकू, मी सांगणार होते. देवाशपथ सांगणार होते. माझं तोंड उघडलं, आणि आवाज आईचा आला."

मला सांगा, आपण हे का करतो? डॉक्टर पोरीला विचारतात, भूक लागते का. आई सांगते, काही खात नाही हो. पोरीला विचारतात, झोप येते का. बाप सांगतो, मोबाइल सुटत नाही. पाळी कधी आली? तेही आईच सांगते. एकतीस वर्षांची बाई, ट्रकच्या ट्रक माल रवाना करते, आणि डॉक्टरांसमोर तिची जीभ आपण सगळे मिळून चालवतो. का? तर माया. तिला एकटं कसं सोडायचं! आपल्याकडे कौतुकाने सांगतात ना, आमच्या मुलीला आम्ही कधी एकटं सोडलं नाही. खरंच नाही सोडलं. ते एक मिनिट तरी सोडायला हवं होतं.

मॅडमनी विश्वास ठेवला. पाळी नियमित व्हावी म्हणून ज्या गोळ्या देतात, त्या दिल्या. पथ्य सांगितलं, थोड्या दिवसांनी परत रक्त तपासू म्हणाल्या. आता हे नीट ऐका. गोळ्या वाईट नाहीत. उद्या कोणी घरी जाऊन लेकीसुनांच्या गोळ्या कचऱ्यात टाकू नका, नाहीतर मीच येऊन ओरडेन. पण तसल्या गोळ्या आणि सिगारेट एकत्र आल्या की रक्ताची गुठळी व्हायची भीती वाढते. म्हणून तर त्या आधी विचारतात. त्यांनी विचारलं होतं. आपण उत्तर चुकीचं दिलं, तेही तिघांनी मिळून.

बरं, मग घरी काय झालं? कोलेस्टेरॉल म्हटल्यावर घरात धावपळ. तूप बंद. खोबरं बंद. तेलाचा डबा बदलला. सकाळी लसूण, दुपारी जवसाची चटणी, संध्याकाळी दुधीचा रस. रजनी माझ्याकडे येऊन सांगायची, "अगं, भाजीला फोडणीसुद्धा देत नाही आता." त्या माउलीने स्वतःच्या जिभेवरही दगड ठेवला, पोरगी खात नाही तर मी कशी खाऊ म्हणून. आणि पोरगी तो दुधीचा रस पिऊन, ग्लास विसळून, गच्चीवर जायची. घरातलं तूप बंद झालं आणि सिगारेट चालू राहिली. डोकं फुटायची वेळ येते हे आठवलं की.

मी तिला म्हटलं, बये, तू एकटी जा ना मॅडमकडे. क्लिनिक काय लंडनला आहे? नाक्यावर आहे. तर म्हणाली, "आईने त्यांच्या तोंडावर छे हो म्हटलंय. आता मी जाऊन आईला खोटं पाडू?" मी म्हटलं, चल, मी येते बरोबर. त्यावर हसली. "म्हणजे काकू, केबिनमध्ये पाचवी!"

अशी होती. मुद्दा हसण्यावारी नेणारी. पण त्या दिवशी मी पिच्छा सोडला नाही. शेवटी म्हणाली, "ठीक आहे. कंपनीत ऑडिट आहे, ते झालं की जाते. एकटी जाते. सगळं सांगते. आणि सोडते पण. तुमच्या कुरडयांची शपथ."

ऑडिट झालं नाही. त्याच्या आधीच एका सकाळी ती कंपनीच्या गेटमधून आत आली आणि बरोबर काम करणाऱ्या मनीषाला म्हणाली, जबडा दुखतोय. मनीषा, तू बसली आहेस समोर. तुझी काही चूक नाही, मान वर कर. जबडा दुखतोय म्हटल्यावर कोणाला सुचेल? पाठ दुखतेय, घाम येतोय, मळमळतंय. सगळे म्हणाले, पित्त. तीही म्हणाली, पित्त. कोणी सोडा आणला, कोणी ओवा आणला. छातीवर हात दाबून खाली बसली असती तर धावपळ झाली असती. पण बाईचं हृदय बऱ्याचदा तसं दुखत नाही, आणि तरुण बाईचं दुखतंय यावर कोणाचा विश्वासच नसतो. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मामा, तुम्ही मान हलवताय. बोला, मी थांबते.

काय म्हणालात? जरा मोठ्याने. "आता हे उगाळून काय होणार?"

बरोबर विचारलंत. श्वेता परत येणार नाही. तिच्यासाठी मी हे बोलतच नाहीये. माझा जीव पल्लवीसाठी तुटतोय. श्वेताची धाकटी बहीण, इथे आईला टेकून बसलेली. ती सिगारेट ओढते की नाही, मला माहीत नाही, आणि या हॉलमध्ये ते कोणाला कळायची गरजही नाही. तिला त्रास होत असेल तर तो तिनं मॅडमना सांगायचा आहे. मला नाही, तुम्हाला नाही. आणि एकटी पल्लवीच कशाला? इथे कंपनीतल्या मुली आल्या आहेत, बिल्डिंगमधल्या आल्या आहेत, श्वेताच्या कॉलेजातल्या मैत्रिणी आल्या आहेत. आत्ता मी बोलत असताना कितीजणींनी पर्स जवळ ओढून घेतली, ते मला इथून दिसलंय. शाळेत शिकवते मी, मला दिसतं.

तुम्ही म्हणता पल्लवीचं व्हायचंय. काय व्हायचंय, मामा? लग्न ना? होईल. त्यासाठी पल्लवी असायला हवी.

आणि पुरुषांनो, तुम्ही निवांत बसू नका. सभा संपली की गेटबाहेर जाऊन एक पेटवायची आणि म्हणायचं, बाईमाणसाने ओढू नये. ओढू नये हे बरोबर आहे. कोणीच ओढू नये. पण तुम्हाला डॉक्टरांनी विचारलं, तर तुम्ही मजेत सांगता, हो, दिवसाला पाकीट लागतं. तुम्हाला ते सांगायला लाज वाटत नाही, म्हणून तुमचं औषध तरी बरोबर ठरतं. तिची लाज आपण सगळ्यांनी सांभाळली, आणि ती त्या लाजेपायी गेली.

मॅडमना मी विचारलं होतं, की रक्त एवढं बिघडल्यावर परत सुधारतं का? त्या म्हणाल्या, सोडलं की रक्त हळूहळू सावरायला लागतं. तरुण असेल तर अजून बरं. फक्त खरं कळायला हवं. आणि मग त्या जे म्हणाल्या त्यासाठी त्यांना हात जोडते. म्हणाल्या, "मीही त्या दिवशी सगळ्यांना बाहेर पाठवायला हवं होतं." परवा मी त्यांच्या क्लिनिकवरून गेले. दाराबाहेर दोन खुर्च्या जास्तीच्या ठेवल्या आहेत. पेशंट एकटा आत, घरची माणसं बाहेर. दोन आज्या तिथे फुरंगटून बसल्या होत्या. मला फार बरं वाटलं त्यांना बघून.

आता शेवट करते. कदमसाहेब मला खूण करत आहेत की दोन मिनिटं मौन घ्यायचं आहे. घेऊया. पण इथे बसून नाही.

मी काय म्हणते ते ऐका. आपण सगळे बाहेर जाऊ. कंपाउंडमध्ये बदामाच्या झाडाखाली उभे राहू, गेटकडे तोंड करून. हॉलकडे पाठ. मौन तिथे पाळू. इथे आत श्वेताचा फोटो राहील आणि डॉक्टर मॅडम राहतील. मी त्यांना सकाळी विचारलंय, त्या हो म्हणाल्या आहेत. ज्या मुलीला त्यांच्याशी बोलायचं असेल, तिनं आत थांबायचं. काही सांगायचं नसेल, नुसतं श्वेताच्या फोटोसमोर बसायचं असेल, तरी थांबायचं. कोणी कशासाठी थांबलं, त्याची चर्चा नको. जिन्यात नको, लिफ्टमध्ये नको, बिल्डिंगच्या ग्रुपवर तर अजिबात नको. आणि बाहेर गेल्यावर कोण आत राहिलं हे बघायला मागे वळायचं नाही. दोन मिनिटांपेक्षा जास्त लागली तर लागू देत. ऊन नाही, उभं राहायला काही होत नाही.

आयांनो, आधी तुम्ही उठा. मला माहीत आहे, पाय निघणार नाही. लेकीचा हात सोडा आणि उठा.

रजनी, चल. पल्लवीला सोड. तिचं काय सांगायचं ते ती सांगेल. माझा हात धर, आपण दोघी पुढे होऊ. मामा, तुम्हीही या, माझ्या शेजारी उभे राहा.

श्वेता, बाळा, आम्ही सगळे बाहेर आहोत. आता कोणी मध्ये बोलणार नाही.